ओळी मोजणारा डोनाल्ड



गेल्या दीड महिन्यात इथे काहीच लिहिणं झालं नाही. पुण्याहून वहिनींचा फोन आला, "भाऊजी, ब्लॉग बंद केला की काय?" बंद नाही केला. एका विषयात अडकलो होतो, आणि तो विषय घरातला असल्यामुळे लिहावं की नाही हे ठरत नव्हतं. शेवटी जिच्याबद्दल आहे तिलाच विचारलं. तिने आधी मसुदा मागितला. वाचून दोन दुरुस्त्या केल्या. एका ठिकाणी मी "आजार" असा शब्द वापरला होता, तो खोडला. दुसरीकडे एक सन चुकला होता, तो बरोबर केला. मग म्हणाली, "आता टाका."

तर ही माझी नात, धाकट्या मुलाची मुलगी. वय एकवीस. सतराव्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी तिला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असल्याचं सांगितलं. तोवर आम्ही सगळे तिला "अबोल", "हट्टी", "आपल्याच तंद्रीतली" असं काहीबाही म्हणत होतो. तिला विशेष शिक्षिका व्हायचंय. मतिमंद, स्वमग्न, बहुविकलांग मुलांना शिकवतात ना, ती. बारावीनंतर तिने त्याचाच अभ्यासक्रम घेतला. लेखी परीक्षेत वर्गात पहिली आली. पण प्रत्यक्ष सरावाला गेली तेव्हा तिथल्या एका अनुभवी व्यक्तीने चारचौघांत सुनावलं की जिला स्वतःलाच सांभाळावं लागतं, ती दुसऱ्यांची लेकरं काय सांभाळणार!

पोरगी घरी आली आणि तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो. समोर येऊन उभी राहिली आणि खिडकीकडे बघत विचारलं, "आबाजी, तुम्ही इतिहास शिकवत होते. माझ्यासारख्या माणसाला कोणी हाताशी धरून कामाला तयार केलं, असं कुठे लिहिलेलं आहे का?"

एकतीस वर्षं वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांत मास्तरकी केली. (त्यातली बहुतेक वर्षं तो अकोला जिल्हाच होता. वाशीम वेगळा झाला १ जुलै १९९८ ला.) पानिपत, फाळणी, दांडीयात्रा, काहीही विचारा. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. "शोधतो" म्हणालो. जे सापडलं ते हे.

सुरुवात अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात होते. तिथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट जन्मला. घरचं बरं होतं. वडील वकील, आईच्या माहेरची बँक. पण मूल आईकडे बघून हसायचं नाही. गोल फिरणाऱ्या वस्तूंत रमायचं, ठरावीक शब्द तसेच्या तसे म्हणायचं. १९३७ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं. तिथे तो आणखीच मिटत गेला. वर्षभराने आईबाप तिथल्या प्रमुखांचा सल्ला न ऐकता त्याला घरी घेऊन आले. मग वडिलांनी बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना मुलाबद्दल ३३ पानांचं पत्र लिहिलं. बापाने लिहिलेलं तेहतीस पानी पत्र! कॅनरनी १९४३ साली अकरा मुलांवरचा जो निबंध प्रसिद्ध केला आणि ज्याच्यामुळे ऑटिझम हे निदान जगाला माहीत झालं, त्यातला पहिला मुलगा म्हणजे हा डोनाल्ड. (त्याआधी १९२५-२६ च्या सुमारास रशियातल्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशाच मुलांचं वर्णन केलं होतं. त्यांची आठवण जगाला फार उशिरा झाली. बाईमाणसाचं काम मागे पडतं, हे काही आपल्याकडेच होत नाही.)

पण मला कॅनरपेक्षा दुसऱ्याच दोन माणसांबद्दल सांगायचंय. १९४२ मध्ये डोनाल्डला गावापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. लुईस त्यांचं आडनाव. मानसशास्त्राचं पुस्तक त्यांनी कधी हातात धरलं असेल असं वाटत नाही. १९४५ साली कॅनर त्या शेतावर जाऊन आले आणि पुढे १९७१ मध्ये त्या अकरा मुलांचं काय झालं हे लिहिताना त्यांनी या जोडप्याच्या शहाणपणाचं तोंडभरून कौतुक केलं.

ते काय करत? पोराला मोजमापाचं वेड होतं. दिसेल ते मोजायचा. लुईस दांपत्याने "मोजणं बंद कर" म्हटलं नाही. त्याला विहीर खणायला लावलं आणि किती खोल गेली ते सांगायचं काम दिलं. तो मेलेली पाखरं, किडे गोळा करायचा. त्यांनी शेताच्या कोपऱ्यात त्याला एक जागा दिली आणि तिथे ते पुरायला सांगितले. डोनाल्डने प्रत्येकाच्या थडग्यावर पाटी लावली. तिच्यावर आधी एक नाव, मधे त्या जिवाची जात आणि शेवटी आडनाव, लुईस! म्हणजे मेलेली गोगलगाय त्यांच्याच भावकीत जमा. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजायचा. आपल्याकडे ज्यांना आपण तास म्हणतो, तेच. मग त्यांनी त्याच्या हातात नांगर दिला आणि सांगितलं, नांगरत नांगरत मोज. कॅनर गेले त्या दिवशी त्यांच्यादेखत त्याने सहा लांबलचक ओळी नांगरल्या आणि टोकाशी घोडा नीट वळवला.

हे मी नातीला वाचून दाखवलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "त्यांनी त्याला बदललं नाही. त्याच्या मोजण्याला काम दिलं."

माझा बाप कास्तकार होता. बैल एका बाजूला ओढत असला तर त्याला झोडपायचं नाही, जू कुठे काचतंय ते आधी बघायचं, हे मला बापाने शिकवलं. शेतीतलं हे ज्ञान मी वर्गात कधी नेलं नाही. ते का नेलं नाही, याचं एक उदाहरण आता सांगणं भाग आहे.

१९८२ सालची गोष्ट. सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव देत नाही, गावही देत नाही. त्याला पूर्णा ते खंडवा मीटरगेज लाइनवरची सगळी स्टेशनं पाठ होती. बसमत, हिंगोली, वाशीम, जऊळका, बार्शीटाकळी, अकोला, आणि मधली अशी बारीकसारीक स्टेशनं, की जिथे गाडी थांबते हे तिथल्या लोकांशिवाय कोणाला ठाऊक नसेल. नुसती नावं नव्हेत, वेळासुद्धा. पण प्रश्न विचारला की बघायचा जमिनीकडे. मला ते उर्मटपणाचं वाटायचं. "वर बघ! मास्तरांच्या डोळ्यांत बघून उत्तर दे!" आणि पट्टी. एकदा नाही, पुष्कळदा. शेवटी त्याच्या वडिलांना बोलावून मीच सांगितलं, "याच्या डोक्यात काही शिरत नाही, उगीच वर्ष वाया घालवू नका. ढोरामागे पाठवा." वडिलांनी ऐकलं. मास्तरांचा शब्द होता तेव्हा.

ज्या मुलाला अख्खा रेल्वेमार्ग पाठ होता त्याला भूगोल शिकवायला मला दुसरं काय हवं होतं? नकाशाची काठी त्याच्या हातात द्यायची होती, बस्स. अकोल्यापर्यंतची ती लाइन २००८ साली रुंद झाली, जुन्या वेळा गेल्या. तो माणूस आता पंचावन्नच्या आसपास असेल. अधूनमधून एसटी स्टँडवर दिसतो. लोक चौकशीच्या खिडकीऐवजी त्याला गाडी विचारतात आणि तो बरोबर सांगतो. मला ओळखतो. मी समोर गेलो की आजही जमिनीकडे बघतो. आता मीही जमिनीकडेच बघतो.

असो. पुढे जाऊ.

डोनाल्ड पुढे कॉलेजात गेला, फ्रेंचमध्ये पदवी घेतली, आईच्या माहेरच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ च्या जूनमध्ये ८९ व्या वर्षी वारला. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. हायस्कुलात असताना मुलांनी त्याला विचारलं की शाळेच्या दर्शनी भिंतीत विटा किती? त्याने एक नजर टाकून आकडा सांगितला आणि गावभर त्याची कीर्ती झाली. म्हातारपणी पत्रकारांनी विचारलं तेव्हा म्हणाला, आकडा मनानेच ठोकून दिला होता. का? तर पोरांना मी चांगला वाटावा म्हणून! ज्यांना लोकांची पर्वा नसते असं पुस्तकं सांगत होती, त्यातलाच हा पहिला नोंदलेला माणूस.

त्या अकरांतले जे सरकारी इस्पितळांत गेले, त्यांचं आयुष्य तिथेच खुंटलं. त्या भरतीला कॅनरनी जवळपास जन्मठेपच म्हटलंय. डोनाल्डला लुईस दांपत्य भेटलं, गावाने सांभाळलं. इतरांना कोणी भेटलं नाही. बुद्धीचा, आजाराच्या कमी-जास्तपणाचाही भाग असेल... हा शब्द पुन्हा आला बघा. नातीच्या नजरेतून सुटला. राहू द्या, म्हणजे जुनी सवय किती चिवट असते ते कळेल.

"पण तो बँकेत लागला," नात म्हणाली. "बँकेत आकडे असतात. मला मुलांबरोबर काम करायचंय."

बरोबर होतं तिचं. मग मी टेंपल ग्रँडिनकडे आलो. हे नाव तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, २०१० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. जन्म १९४७, बोस्टन. चिडवणाऱ्या मुलीवर पुस्तक फेकून मारल्यामुळे एका शाळेतून काढून टाकलेली. न्यू हॅम्पशायरमधल्या दुसऱ्या शाळेत तिला विल्यम कार्लॉक नावाचे विज्ञान शिक्षक भेटले. ते पूर्वी नासात काम केलेले. उन्हाळ्यात ॲरिझोनात एका नातलगाच्या रँचवर टेंपलने पाहिलं की लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या खोड्यात घालतात आणि त्या दाबाने काही जनावरं शांत होतात. आपल्या दवाखान्यांतही जनावरांचा खोडा असतोच. ती स्वतः त्यात शिरून बघून आली! तिच्या घाबऱ्या जिवाला उतार पडला. शाळेत परत आल्यावर तिने स्वतःसाठी लाकडी फळ्यांचं तसलंच यंत्र केलं. मोठ्या माणसांना ते विचित्र वाटलं, काढून घ्यायची भाषा सुरू झाली. कार्लॉक मात्र म्हणाले, यंत्र चांगलं कर. आणि दाबाने मन शांत का होतं हे शोधून काढ. त्यासाठी ग्रंथालयात शास्त्रीय लेख कसे हुडकायचे तेही त्यांनीच दाखवलं.

ती पदवीधर झाली, १९८९ मध्ये डॉक्टरेट मिळवली, गुरांच्या हाताळणीतली जगप्रसिद्ध तज्ज्ञ झाली. जनावर कुठे बिचकतं हे तिला कळतं. लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, अंगावर येणारा आवाज. ज्या गोष्टींनी ती स्वतः बिचकायची त्याच या.

शिक्षक म्हणून मी कार्लॉकांवर थांबलो. त्यांनी जे केलं त्याला पगारवाढ नव्हती, अनुदान नव्हतं, वर्कशॉप नव्हतं. पोरीला ज्याचं वेड आहे तिथूनच अभ्यासाला दार काढायचं, एवढंच. हे मलाही करता आलं असतं.

आता आपल्या मुलखाकडे. स्वमग्न माणसाला कोणी सेवेच्या कामासाठी घडवलं अशी नोंद मराठीत मला सापडली नाही. पण जवळची एक गोष्ट आहे, अपंगत्व निराळं, नातं मात्र तेच. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. 'चाकाची खुर्ची' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. ऐन तरुण वयात कमरेखालचं शरीर लुळं पडलं, जगण्यात राम उरला नाही. तेव्हा त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः तसेच, पाय गेलेले. पण उद्योग चालवणारे, स्वतः गाडी हाकणारे. आता विचार करा. डॉक्टरांनी, नातलगांनी "धीर धर" शंभरदा सांगितलं असेल. बाबूकाकांचं नुसतं गाडीतून येणं त्याहून मोठं होतं! नसीमादीदींनी पुढे १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली आणि अपंग मुलामुलींची राहण्याची, शिक्षणाची, कामाची सोय केली.

लुईस दांपत्य आणि कार्लॉक बाहेरून हात देणारे होते. बाबूकाका आतले. नातीला मी विचारलं, तुला यातलं कोण हवं? म्हणाली, "दोन्ही. पण आतलं मला एकही माणूस माहीत नाही."

माहीत कसं असणार? आमच्या पिढीत असे लोक नव्हते का? होते. कोणाला निदानच मिळालं नाही. कोणी "तऱ्हेवाईक" म्हणून खपून गेले, कोणी ढोरामागे गेले. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकारांपैकी एक म्हणून बसलं, नोकरीतल्या राखीव जागांसह. ज्याला कायद्यात नाव नाही त्याला गुरू होण्याइतकं उघड जगता येत नाही.

बाहेरदेशी हे आता बदलतंय. आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञ डॉ. मेरी डोहर्टी यांनी २०१९ मध्ये स्वमग्न डॉक्टरांचा एक गट सुरू केला. म्हणजे स्वतः स्वमग्न असलेले डॉक्टर! नातीने हे वाचलं तेव्हा ती खोलीत जाऊन दोन तास येरझाऱ्या घालत होती. आनंद झाला की ती तसंच करते. आम्हाला हे आत्ता आत्ता कळायला लागलंय.

तिच्या मूळ प्रश्नालाही थोडं उत्तर मिळालं. डेमियन मिल्टन या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने, तेही स्वमग्न, २०१२ मध्ये एक म्हणणं मांडलं: स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही म्हणता, पण त्याचं मन तरी तुम्हाला कुठे कळतं? गैरसमज दोन्हीकडून आहे. मग एडिनबरोत कॅथरीन क्रॉम्प्टन आणि मंडळींनी चक्क कानगोष्टींचा खेळ लावला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, पहिल्याला गोष्ट सांगायची, शेवटच्यापर्यंत किती उरते ते मोजायचं. २०२० मध्ये छापलेल्या त्या प्रयोगात सगळे स्वमग्न असलेल्या साखळ्या इतरांइतक्याच चांगल्या ठरल्या. दोन्ही प्रकारचे लोक मिसळले तिथे गळती जास्त झाली. खरं सांगायचं तर २०२५ मध्ये हाच प्रयोग जास्त लोकांवर केला तेव्हा मिसळलेल्या साखळ्याही मागे पडल्या नाहीत. पण स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट जास्त हरवते, असं दोन्ही वेळा दिसलं नाही.

आणि इकडचं एक. महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याला वाचा-भाषेचं अपंगत्व आहे, तेवढ्या टक्केवारीवरून एमबीबीएसला नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ ला निकाल दिला की नुसत्या टक्क्यांवर दार लावता येणार नाही. हा उमेदवार शिक्षण घेऊ शकतो की नाही हे मंडळाने तपासलं पाहिजे. त्याच्या सहाच दिवस आधी, ९ ऑक्टोबरला, राज्यातल्या ज्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यात आपलं वाशीमही होतं. आपल्या जिल्ह्यात डॉक्टर घडायला लागले आणि डॉक्टर कोणी व्हावं याचं माप त्याच आठवड्यात थोडं सैल झालं. मला हा योगायोग टिपून ठेवावासा वाटला.

एवढं सगळं मी वहीत उतरवून नातीला दिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "हे झालं इतिहासाचं. आता माझं काय?"

इतिहासाच्या मास्तरला हा प्रश्न विद्यार्थी नेहमीच विचारतात, पण या वेळी उठावं लागलं. मी, माझा मुलगा आणि ती, असे आम्ही चार शाळा फिरलो. तीन ठिकाणी चहा मिळाला. चौथ्या ठिकाणी निवृत्तीला आलेल्या एक बाई भेटल्या. (त्यांनी नाव लिहू नका म्हटलंय.) त्यांनी आमच्याशी बोलणं टाळलं आणि थेट नातीला विचारलं, "तुला सांगितलेलं आवडतं की लिहिलेलं?" ती म्हणाली, "लिहिलेलं." बाईंनी लगेच कागद घेतला आणि पहिल्या आठवड्याचं काम लिहून दिलं. शिकवायचं काहीच नव्हतं. मागच्या बाकावर बसायचं आणि कोणतं मूल कधी, कशाने बिथरतं याची वेळेसकट नोंद ठेवायची.

लुईसबाईंनी नांगर दिला तो असाच.

पाचव्या दिवशी नातीच्या वहीतून निघालं की एक मुलगा रोज अकराच्या सुमारास कान झाकून ओरडतो, आणि त्याआधी मिनिटभर शेजारच्या खोलीत खिचडीच्या कुकरची शिट्टी होते. त्या शाळेत हा मुलगा दोन वर्षं "चिडका" म्हणून प्रसिद्ध होता. कुकर आता मागच्या पडवीत गेलाय. नातीलाही तो आवाज सहन होत नाही, म्हणून तर तिच्या लक्षात आलं.

अडचणी संपल्या नाहीत. पालकसभेत ती गोठून जाते. एसटी चुकली की तिचा अख्खा दिवस जातो. एका पालकाने तिच्याबद्दल तक्रारही केली, बाईंनी ती ऐकून घेतली आणि नातीला नेमकं काय चुकलं ते चिठ्ठीत लिहून दिलं. चूक खरंच होती. चिठ्ठी तिने पुस्तकात जपून ठेवलीय.

काल संध्याकाळी बाईंचा फोन आला. पुढच्या सोमवारपासून चार मुलांचा गट तिच्याकडे द्यायचा त्यांचा विचार आहे. म्हणाल्या, "सर, तुम्ही तिला एकदम सांगू नका. मी लिहून पाठवते, ते तिच्या टेबलावर ठेवा, आणि ती आपणहून बोलेपर्यंत विचारू नका."

कागद सकाळीच आला. टेबलावर ठेवलाय. ती अजून खोलीतच आहे. येरझाऱ्यांचा आवाज येतोय.